१३.८ व्होल्ट सप्लाय: घरघर थांबली

काल रात्री साडेअकराला माझ्या रेडिओ रिसीव्हरच्या हेडफोनमधली, या सप्लायवर येणारी घरघर एकदाची थांबली. तीन आठवडे तिच्यामागे होतो. घाईने लिहितोय, कारण मागच्या वेळी दोष फिल्टर कपॅसिटरचा (डीसी सपाट करणाऱ्या कपॅसिटरचा) आहे असं मी ठासून सांगितलं होतं आणि ते चूक होतं. माझ्या भरवशावर कुणी नवे कपॅसिटर आणायला निघालं असेल तर थांबा.

आधी सोपं प्रकरण. ७२३ या व्होल्टेज रेग्युलेटर आयसीचा सातवा पाय, म्हणजे ग्राउंड, मी ब्रिजच्या, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडच्या, मायनसला जोडला होता. ब्रिज ते कपॅसिटर या वीतभर वायरीतून सेकंदाला १०० वेळा चार्जिंगचे जबरदस्त झटके जातात. त्या वायरीवर पडणारे मिलिव्होल्ट थेट रेग्युलेटरच्या मोजमापात मिसळत होते. सातवा पाय आउटपुटच्या मायनस टर्मिनलवर नेला, चौथ्या पायाचा डिव्हायडरही (आउटपुटचा ठराविक हिस्सा रेग्युलेटरला दाखवणारी रेझिस्टरची जोडी) तिथूनच घेतला. लोड म्हणून गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लावला. रिपल, म्हणजे डीसीतला चढउतार, ४० मिलिव्होल्टवरून ३ वर! ऑसिलोस्कोपच्या प्रोबच्या ग्राउंडची लांब वायर काढून टोकाशी छोटी स्प्रिंग बसवली, तेव्हा त्या तीनातलेही निम्मे प्रोबनेच गोळा केलेले निघाले.

एवढा स्वच्छ सप्लाय. पण माझ्या डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरला (आलेला सिग्नल मिक्सरमध्ये स्वतःच्या ऑसिलेटरशी मिसळून थेट आवाज काढणारा) जोडला की ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, घूंऽऽ, जशीच्या तशी.

७ एएचच्या बॅटरीवर रिसीव्हर शांत. म्हणजे दोष सप्लायचा. स्कोप म्हणतो सप्लाय स्वच्छ. कपॅसिटर १०,००० चा २२,००० मायक्रोफॅरड केला, फरक नाही. ७२३ बाजूला ठेवून ७८१२ हा दुसरा रेग्युलेटर लावला, फरक नाही. चुंबकीय क्षेत्राचा संशय आला म्हणून अख्खा सप्लाय दोन मीटर लांब, पलंगाखाली ठेवला, तरीही नाही.

धागा सापडला तो अँटेनाची वायर चुकून सुटली तेव्हा. घरघर गायब. वायर लावली, हजर. मग ट्यूनिंग फिरवत गेलो तर घरघर काही ठिकाणी वाढायची, काही ठिकाणी जवळजवळ मावळायची. डीसीच्या वायरीतून ऑडिओत शिरणारा हम असं कधीच करत नाही. हा अँटेनातून येत होता.

घडतं ते असं. रिसीव्हरचा स्वतःचा ऑसिलेटर थोडा अँटेनाकडे गळतो आणि घरातल्या वायरिंगमधून सप्लायच्या ब्रिजपर्यंत पोचतो. ब्रिजचे डायोड सेकंदाला १०० वेळा उघडतात नि बंद होतात. त्यांच्याबरोबर आरएफची, म्हणजे रेडिओ सिग्नलची, वाटही उघडझाप करते, आणि तोच सिग्नल १०० हर्ट्झचा शिक्का घेऊन अँटेनात परततो. फ्रिक्वेन्सी ऑसिलेटरचीच असल्यामुळे मिक्सरमधून उरतो तो फक्त हम. स्कोपवर डीसीत तो दिसणार कसा?

उपाय चार कपॅसिटर. ०.०१ मायक्रोफॅरडच्या सिरॅमिक चकत्या, १०३ छापाच्या, प्रत्येक डायोडला समांतर. ब्रिजच्या दोन्ही एसी टोकांपासून प्लस आणि मायनसला एकेक. आरएफला डायोड सतत जोडलेलेच दिसतात, उघडझाप संपते. ब्रिज हीटसिंकवर घट्ट असल्याने २५ वॉटच्या आयर्नने सोल्डर वितळेना, ६० वॉटचं घ्यावं लागलं. मी १०० व्होल्टच्या चकत्या वापरल्या, त्या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला पुरतात. मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, बाजूला असं काही करायचं असेल तर त्यासाठीच बनवलेले एक्स किंवा वाय दर्जाचेच कपॅसिटर. तिथे साध्या चकत्या अजिबात नकोत.

घरघर नव्वद टक्के गेली. उरलेल्यासाठी डीसीच्या दोन्ही वायरी एकत्र रिंगवर गुंडाळल्या. दुकानदाराने ‘फेराइट’ म्हणून दिलेली पिवळी-पांढरी रिंग निघाली आयर्न पावडरची. तशा रिंगा कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधल्या (पॉवर सप्लायमधल्या), ७ मेगाहर्ट्झवर चोक, म्हणजे आरएफ अडवणारी कॉइल, म्हणून निरुपयोगी. दहा वेढे घालून काहीच झालं नाही. ४३ मटेरियलच्या खऱ्या फेराइटच्या करड्या रिंगवर तेच दहा वेढे घातले आणि साडेअकराला शांतता. मागचा बँडचा खुसफुसाट पहिल्यांदाच सलग ऐकला. किती वेळ नुसता ऐकत बसलो.

हे लिहिताना सुचलं: मोबाइल चार्जरमध्येही मेन्सवर डायोड असतातच. उठून टेबलाजवळचा चार्जर काढला, तर फार बारीक उरली होती तीही कुजबुज गेली. पुन्हा लावला, आली. म्हणजे एकट्या सप्लायला सुधारून भागणार नाही, गळती उगमातच अडवायला हवी. त्यामुळे सप्लायच्या मीटर पॅनेलचं काम आता मागे. आधी मिक्सरपुढे जे३१० या ट्रान्झिस्टरची कॉमन गेट स्टेज बसवतोय. ती अँटेनाकडून येणारं पुढे सोडते आणि ऑसिलेटरला उलट फारसं जाऊ देत नाही. बोर्ड कापून ठेवलाय. रविवारी चार्जर, एलईडी बल्ब सगळं चालू ठेवून ऐकेन.