याची भावंडं कुठायत?

गॅलरीवाल्या बाईंनी माझ्या रस्त्यावरच्या फोटोंचे प्रिंट्स भराभर चाळले. बक्षीस मिळालेल्या फोटोपाशी जरा थांबल्या. "छान आहे. पण याची भावंडं कुठायत?"

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. स्पर्धेसाठी आपण टाळ्या घेणारा एकच फोटो शोधत फिरतो. लांब सावली, लाल छत्री, नेमक्या क्षणी उडालेलं कबूतर. (कबुतरांनी खरं तर मानधनच मागायला हवं.) गॅलरीला मात्र त्यामागची सलग नजर बघायची असते.

१९६७ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आर्बस, फ्रीडलँडर आणि विनोग्रँड हे तीन फोटोग्राफर एकाच प्रदर्शनात लागले, तेही प्रत्येकाचे अनेक फोटो घेऊन. विनोग्रँड १९८४ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे फिल्मचे सुमारे २,५०० रोल डेव्हलपसुद्धा झाले नव्हते!

रस्त्यावर फोटो काढताना तुमच्या मनात परीक्षक येतो का हो?