उजनीतून ऐंशी हजार टीएमसी सोडलं म्हणे

मागच्या पावसाळ्यात एका न्यूज पोर्टलची हेडलाईन होती, उजनीतून ८० हजार टीएमसी पाणी सोडलं, भीमाकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. आता उजनी म्हणजे आमच्या सोलापूर जिल्ह्यातलं भीमेवरचं धरण, ते शंभर टक्के भरलं तरी ११७ टीएमसी, त्याच्या वर रेटून भरलं तर १२३ च्या आसपास. म्हणजे ८० हजार टीएमसी सोडायला तसली सहाशे-सातशे धरणं पायजेत. लिहायचं होतं क्युसेक आणि लिहिलं टीएमसी. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी चाललंय ते, टीएमसी म्हणजे एकूण साठा, तोही अब्ज घनफुटांत, आणि आमच्याकडं पंढरपूर-माढ्याच्या कुठल्याही पारावर बसलेला माणूस सांगेल की साडेअकरा हजार क्युसेकनं दिवसभर पाणी गेलं की एक टीएमसी संपतं. फक्त हेडलाईन लिहिणाऱ्यालाच ते माहीत नसतं.

ही चूक हसून सोडून देता येते कारण ती इतकी मोठी आहे की कुणी खरी मानत नाही. भीती वाटते ती लहान चुकीची.

दौंडचा विसर्ग हा आकडा पावसाळ्यात रोज येतो. दौंडजवळून जे पाणी वाहतं ते उजनीत येणारं पाणी, आणि उजनीच्या दरवाजातून भीमेत जातं ते वेगळं. पंढरपूरला जे पोचतं ते अजून वेगळं, कारण मधे नीरा-नरसिंहपूरला नीरा नदी मिळते, तिच्यात वीर धरणाचं पाणी असतं. तीन वेगळे आकडे. पोर्टलवर काय होतं, "दौंडचा विसर्ग एक लाखावर" हे लिहून आलेलं असतं आणि डेस्कवरचा माणूस त्याचं "उजनीतून एक लाखाचा विसर्ग" करून टाकतो, कारण उजनी हे नाव लोक ओळखतात, क्लिक पडतात. तिकडं चंद्रभागेच्या काठाला झोपडीत राहणारी बाई रात्री अकराला पोरांना उठवून भांडीकुंडी बांधायला लागते. सकाळी कळतं की दरवाजे अजून तेवढे उचललेलेच नाहीत. मग खरंच पाणी सोडतात त्या दिवशी ती म्हणते, हे रोजचंच आहे ओ यांचं. याला टायपिंग मिस्टेक कसं म्हणायचं?

उन्हाळ्यातली तऱ्हा वेगळी. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरलं, की "धरण कोरडंठाक", "उजनी रिकामी" असल्या हेडलाईनी सुरू. उजनीत मृतसाठाच, म्हणजे नेहमीच्या वाटेनं सोडता न येणारं तळाचं पाणी, साधारण ६३.६६ टीएमसी आहे आणि त्याच्या वरचा उपयुक्त साठा ५३.५७, टक्केवारी मोजतात ती या वरच्या साठ्याची. म्हणजे मायनस ५० टक्के म्हणलं तरी आत जवळपास ३७ टीएमसी पाणी असतं. ते सगळं उचलता येत नाही, गाळ किती हा प्रश्न आहेच, पण कोरडंठाक नाही ना. आणि सोलापुरात काही दिवसाआड नळाला पाणी येत आलंय त्याचं कारण फक्त धरणात पाणी नाही एवढंच नाही, पाइपलाइन, पंप, टाक्या, वाटप, बरंच काही आहे त्यात. हेडलाईनमध्ये धरण कोरडं केलं की हे बाकीचे प्रश्न विचारायला कुणी उरतच नाही. महापालिकेला बरंच आहे की.

फोटोबद्दल तर बोलूच नये. उजनीला ४१ दरवाजे आहेत. बातमी उजनीची, खाली "उजनी धरणाचे दरवाजे उघडले" असं कॅप्शन, आणि फोटोत मोजून सहा दरवाजे. सहा दरवाजे कोयनेला आहेत. सोलापूर आणि कोल्हापूर यांची अदलाबदल तर इतक्या वेळा होते की आमच्यातले काही जण पंचगंगा सोलापुरात आणायची योजना मंजूर झाली म्हणून पोस्ट टाकतात.

१२ जानेवारीला पण हेच. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी दिली ती १२ जानेवारी १९३१ ला, आणि सोलापुरात मार्शल लॉ लागला तो १२ मे १९३० ला. दोन्ही १२ तारखा, त्यामुळं फाशी १९३० ला झाली असं बिनदिक्कत छापून येतं, आणि दुसऱ्या वर्षी तीच कॉपी परत वर येते. कुर्बान हुसेन स्वतः 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. संपादक म्हणून नाव लावणं म्हणजे काय हे या गावाला तरी वेगळं सांगायला नको होतं.

चुका होणारच, त्याला माझी ना नाही. तालुक्याचा वार्ताहर बातमीमागं मिळणाऱ्या चिल्लर पैशावर काम करतो, व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकतो, डेस्कवरच्या पोराला दिवसभरात ढीगभर बातम्या लावायच्या असतात, त्यानं उजनी पाहिलेली नसते. पूर्वी पेपरात मुद्रितशोधक असायचे, ती जागाच गेली. त्या पोरावर माझा राग नाही. राग आहे तो पुढच्या गोष्टीवर. चूक कळली की हेडलाईन गुपचूप बदलतात. खाली एक ओळ नाही की आधी असं होतं, आता असं केलंय. चूक दाखवणारी कमेंट उडवतात. तोपर्यंत जुन्या हेडलाईनचा स्क्रीनशॉट गावोगावच्या ग्रुपवर फिरतच असतो, आणि त्याला खोटं ठरवायला लिंक उघडली तर तिथं सगळं बरोबर, म्हणजे खुळा आपणच ठरतो.

छापील पेपर उलटा करून बघा. शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात ओळ असते, मालक कोण, मुद्रक-प्रकाशक कोण, कुठं छापलं, आणि संपादकाच्या नावापुढं की पीआरबी (वृत्तपत्रं आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या) कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. तो कायदा १८६७ चा, इंग्रजांनी पेपरवाल्यांवर नजर ठेवायला केलेला, १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवीन कायदा आला. हेतू काही असो, माणूस सापडायचा. पोर्टलवर बातमीखाली काय असतं, "ऑनलाईन डेस्क". आता या डेस्कला कुठं शोधायचं?

प्रेस कौन्सिलकडं जावं तर ती पेपर आणि वृत्तसंस्थांसाठी, आणि फार झालं तर ताशेरे ओढते. ऑनलाईनसाठी २०२१ चे आयटी नियम आले, त्यात तक्रार अधिकारी नेमा, २४ तासांत पोच द्या, १५ दिवसांत निकाल द्या असं आहे. त्यातल्या काही तरतुदींना मुंबई हायकोर्टानं ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली, आणि सरकारच्या हातात बातमीची दोरी जाऊ नये हे मलाही पटतं. पण मग घरचं काम घरच्यांनी करावं ना. 'द हिंदू'नं २००६ मध्ये वाचकांचा संपादक नेमला, लोकांनी दाखवलेल्या चुका तपासायच्या आणि दुरुस्ती छापायची. मराठीतल्या पोर्टलांना एवढं मोठं जमत नसेल तर बातमीच्या खाली तारीख-वेळ घालून दोन ओळी टाका, "आधी उजनीचा विसर्ग म्हणलं होतं, तो दौंडचा होता." याला काय खर्च येतो?

मी एका पोर्टलच्या तक्रार पत्त्यावर स्क्रीनशॉटसकट मेल टाकला होता. पोच नाही, उत्तर नाही, फक्त संध्याकाळी हेडलाईन बदललेली. आणि समजा नियमाप्रमाणं १५ दिवसांत उत्तर आलं असतं, तरी तोवर पूर येऊन, ओसरून, पंचनामेसुद्धा उरकतात. परवा एकानं मला म्हणलं, फुकट वाचतोय आणि वर नियम काढतोय. फुकट कुठलं ओ, एक बातमी वाचायला पाच जाहिराती बंद कराव्या लागतात, त्यातली एक बोअरवेलची होती.