आयडिया लिस्टमध्येच अर्ज अडतो

विद्यार्थ्यांना मानधन द्यायला पैसे नाहीत, ही लहान ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पांची मोठी अडचण. नवोदितांना अशा प्रकल्पांत काम देणाऱ्या, २००५ पासून चालणाऱ्या ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमात ते मानधन गूगल थेट काम करणाऱ्या डेव्हलपरला देतं: मध्यावधी मूल्यमापनात पास झाल्यावर ४५ टक्के, शेवटी ५५. प्रकल्पाने द्यायचा तो मेंटरचा, म्हणजे मार्गदर्शकाचा, वेळ.

सहभागासाठी प्रकल्पाने अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत भरायचा असतो आणि तो अडतो आयडिया लिस्टपाशी, म्हणजे विद्यार्थ्यांना देता येतील अशा कामांच्या यादीपाशी. ‘यूआय (वापरणाऱ्याला दिसणारी स्क्रीन) सुधारा’ यातून काहीच कळत नाही. ‘मराठी जोडाक्षरं पीडीएफ एक्स्पोर्टमध्ये तुटतात, ती दुरुस्त करून टेस्ट लिहा’ असं नेमकं लिहा. प्रत्येक कामापुढे लागणारी कौशल्यं, काठिण्य, अपेक्षित निष्पत्ती आणि तास (९०, १७५ किंवा ३५०) द्या. लिस्टची लिंक लॉगिनशिवाय उघडायला हवी, हे तपासाच.

प्रत्येक कामाला दोन मेंटर ठेवा. एकाची नोकरी बदलली किंवा तो आजारी पडला, तर विद्यार्थ्याचा पॅच (त्याने पाठवलेला कोडमधला बदल) आठवडाभर पडून राहतो आणि मूल्यमापनाच्या वेळी त्याचंच काम अपुरं दिसतं. हा त्याच्यावर अन्याय आहे. परीक्षांच्या तारखाही आधीच विचारा. २०२२ पासून कामाची मुदत वाढवून घेता येते.