अंगरख्याआतलं चिलखत: १६५९ च्या संचाच्या कामाची नोंद

चिलखताचा संच करायला घेताना बहुतेक जण आधी कड्या मागवतात आणि तो कुठे घालायचा याचा विचार मागाहून करतात. या संचात क्रम उलटा ठेवला. प्रसंग पक्का होता: १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाच्या पायथ्याची भेट. वर अंगरखा, आत चिलखत, डोक्यावर मंदील आणि मंदिलाखाली लोखंडी टोप. म्हणजे हे चिलखत दिसायचं नाही. वरून घालायचं चिलखत आणि कापडाआड लपवायचं चिलखत ही दोन वेगळी कामं आहेत. कडीचा आकार, तारेची जाडी, बाहीची लांबी, गळ्याची खोली असं सगळं त्यावर बदलतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. कड्यांचं चिलखत ही महाग आणि वेळखाऊ वस्तू होती. असा प्रसंग उभा करणाऱ्या गटातल्या प्रत्येक मावळ्याला ते चढवणं चूक आहे. दहा जणांच्या गटात एक-दोन संच पुरतात. बाकीच्यांना शिवलेली जाड बंडी, कमरेला शेला आणि ढाल हेच शोभतं आणि तेच खरं वाटतं.

कडी ठरवताना

जुन्या भारतीय-इराणी धाटणीच्या बऱ्याच चिलखतांत एक ओळ अखंड कड्यांची आणि पुढची ओळ गोल रिव्हेट (कडीची टोकं जोडणारा छोटा खिळा) मारलेल्या कड्यांची असते. नुसती टोकाला टोक भिडवलेली कडी पुढच्या काळातल्या दरबारी चिलखतांत भरपूर दिसते. पोलाद, पितळ, तांबं यांची गंगाजमनी नक्षी बऱ्याचदा तशाच कड्यांत केलेली असते. सतराव्या शतकाच्या संचात ती वापरू नये. दिसायला तर चुकीची आहेच, शिवाय पट्टा ताणला की उघडते आणि कापडात अडकते.

आपली कडी: आतला व्यास ८ मिमी, जाडी १.२ मिमी, साधं पोलाद. रीएनॅक्टमेंटसाठी, म्हणजे जुने प्रसंग वेशभूषेसह पुन्हा उभे करण्यासाठी, जगभर जाणाऱ्या रिव्हेटच्या कड्या मोठ्या प्रमाणात उत्तर भारतातच बनतात, त्यामुळे भोक पाडलेल्या सुट्या कड्या आणि रिव्हेटा किलोवर मिळतात. १.६ मिमी जाडीची कडी बाजारात जास्त दिसते आणि ती मजबूतही आहे, पण अंगरख्याखाली तिचा फुगवटा लपत नाही. ॲल्युमिनियमची सूचना दरवेळी येते. ती इथे साफ नाकारली, कारण चिलखताचं वजन नसेल तर खांदे तसे बसत नाहीत, कमरेचा पट्टा रुतत नाही आणि अंगरख्याचा घेर हवा तसा पडत नाही. वस्तू लपली तरी तिचं वजन दिसतं.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेच्या कड्या स्वस्त पडतात. त्या घेतल्या तर तापवू नका, जस्ताचा धूर विषारी असतो.

नमुना तुकडा आणि हिशेब

२० कड्या रुंद आणि २० ओळी उंच असा तुकडा आधी ओवला. विणकाम नेहमीचं, एका कडीत चार. टेबलावर सैल ठेवल्यावर तो १९ सेंमी रुंद आणि १२ सेंमी उंच भरला. म्हणजे आडवी एक कडी साधारण ९.५ मिमी घेते आणि एक ओळ ६ मिमी.

घालणाऱ्याची छाती ९६ सेंमी. आत सुती थर आणि वर कड्या मिळून साधारण ६ मिमी जाडी होते. त्याने घेर कागदावर जेमतेम ४ सेंमी वाढतो. पण हात वर नेताना, वाकताना, श्वास भरताना सैलपणा लागतो, म्हणून चिलखताचा घेर १०८ सेंमी धरला. एका ओळीत ११४ कड्या झाल्या. खांद्यापासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत जवळपास ७५ सेंमी, म्हणजे १२४ ओळी. गळा आणि काखा वजा करून, दोन्ही अर्ध्या बाह्या धरून एकूण आकडा १६,५०० च्या आसपास जातो. मागवल्या १७,५००. फुटणाऱ्या, वाकड्या भोकाच्या आणि हरवणाऱ्या कड्यांसाठी एवढा वाढावा लागतोच. पूर्ण झाल्यावर वजन साडेचार किलो अपेक्षित आहे.

इथे एक मोठी चूक होते. टेबलावर मोजून केलेलं चिलखत अंगावर चढलं की स्वतःच्या वजनाने लांबीला उतरतं आणि रुंदीला आवळतं. म्हणून तोच नमुना तुकडा उभा टांगून, खाली २०० ग्रॅमचं वजन लावून पुन्हा मोजायचा आणि मगच ओळींची संख्या पक्की करायची. ओळी अंगाभोवती आडव्याच ठेवायच्या, म्हणजे छाती फुलली की विण पसरते. तुकडा चुकून काटकोनात फिरवून जोडला तर जाळी उभी उघडी राहते आणि श्वासाबरोबर घेर वाढत नाही. जोडायच्या आधी प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडेला लाल दोरा बांधून ठेवला की हा घोळ होत नाही.

ओवणं आणि रिव्हेट

प्रत्येक रिव्हेट-कडीत चार अखंड कड्या येतात, त्यामुळे एकूण कड्यांपैकी अर्ध्याच बंद कराव्या लागतात. हात बसल्यावर तासाला ६० ते ७० रिव्हेटा होतात. म्हणजे नुसतं बंद करण्याचंच काम सव्वाशे तासांच्या घरात जातं. वेळापत्रक त्या हिशेबाने धरा. उत्सवाला महिना राहिला असताना हे काम सुरू करण्यात अर्थ नाही.

कडी पकडीने किंचित उघडायची, चार अखंड कड्या घालायच्या, शेजारच्या ओळीत ओवायची, टोकं एकमेकांवर आणून भोकं जुळवायची, रिव्हेट आतून बाहेर घालायची आणि चिमट्याने दाबायची. चिमटा म्हणजे साधी मजबूत पक्कडच. एका जबड्यात छोटी खोलगट वाटी ड्रिलने पाडलेली, म्हणजे रिव्हेटचं डोकं गोल बसतं. टोकं सगळीकडे एकाच दिशेने एकमेकांवर आली पाहिजेत आणि डोकं बाहेरच्या बाजूला. डोकी आत राहिली तर आतली बंडी दोन-चार वापरांत झिजून फाटते.

बिघाड तीन प्रकारचे होतात. भोकाच्या कडेला कडी चिरते, कारण टोकं जास्त चपटी केलेली असतात किंवा कडी नीट नरम केलेली नसते. संशय असलेल्या कड्या लाल होईपर्यंत तापवून राखेत हळूहळू थंड केल्या की चिरणं थांबतं. रिव्हेट तिरपी जाते, कारण भोकं पूर्ण जुळण्याआधी दाब दिलेला असतो. ती कापून काढायची, ठोकून सरळ करण्यात वेळ घालवायचा नाही. तिसरा प्रकार सगळ्यात चोरटा: रिव्हेट वरून बसलेली दिसते, पण पाय पसरलेला नसतो. यासाठी दर दहा ओळींनंतर जुना नायलॉनचा पायमोजा हातावर चढवून चिलखतावरून दोन्ही बाजूंनी फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथे कडी बदलायची.

बाही आणि काख

बाही वेगळ्या नळीसारखी ओवली, ओळी दंडाभोवती फिरतील अशी. काखेचा घेर ४५ सेंमी, बाहीच्या एका ओळीत ४७ कड्या, लांबी २० सेंमी. धडाच्या ओळी आणि बाहीच्या ओळी खांद्याशी काटकोनात भेटतात, तिथे मापं जुळत नाहीत. या कडीला जमणारं प्रमाण असं: धडाच्या दर ८ ओळींना बाहीच्या ५ कड्या. प्रत्येक कडीला कडी जोडत गेलं तर शिवण चुणीसारखी गोळा होते आणि नेमकी अंगरख्याच्या खांद्यावर उठून दिसते.

काखेत तळहाताएवढा चौकोन मोकळा सोडला आहे. हात डोक्यावर नेला तर अख्खं चिलखत वर ओढलं जाऊ नये, एवढ्याचसाठी. मर्दानी खेळ करणाऱ्यांनी हा चौकोन थोडा मोठाच ठेवावा.

आतली बंडी

वरून घालायच्या चिलखताखाली रुई भरलेला थर लागतो. पिंजलेला कापूस भरून गोधडीसारखे धावदोरे घालायचे. इथे तेवढी जाडी परवडत नाही. मांजरपाटाचे चार थर, ३ सेंमी अंतरावर उभे धावदोरे, फक्त खांद्यांवर कापसाची पातळ पट्टी. मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन वाळवायचंच, कारण ते आटतं. शिवून झाल्यावर आटलं तर धावदोऱ्यांच्या रेषा वाकड्या होतात. धावदोऱ्यांनीही कापड आखडतं, म्हणून कापताना प्रत्येक बाजूला ३ सेंमी जादा ठेवावं.

ही बंडी मार थोपवत नाही, हे गटातल्या प्रत्येकाला स्पष्ट सांगून ठेवा. कड्या धार अडवतात, आघात नाही. बोथट तलवारीचा जोरदार फटका बरगडीवर तसाच पोचतो.

टोप

१८ गेजचा, म्हणजे १.२ मिमी जाडीचा सीआरसी (थंड लाटलेला पोलादी) पत्रा. डोक्याचा घेर ५७ सेंमी, आत ६ मिमी अस्तर, म्हणून टोपाचा आतला घेर ६१ सेंमी. खोली ११ सेंमी धरली की सपाट चकती ३० सेंमी व्यासाची लागते. फक्त आतून ठोकत खोलगट केलं तर माथ्यावर पत्रा पातळ होतो, आणि नेमका तिथेच तो जाड हवा. म्हणून मधला भाग लाकडी ओंडक्याच्या खळग्यात थोडाच बसवायचा आणि मग कड बाहेरून ठोकत आत आणायची. दर फेरीनंतर पत्रा लाल करून नरम करायचा. कडेला चुण्या येतात. त्या लगेच मारून बसवायच्या, एकदा दुमडल्या की तिथेच तडा जातो. पूर्ण टोप सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो.

गोल कढई कापून टोप करण्याचा सोपा मार्ग काही जण सुचवतात. डोकं गोल नसतं, लांबट असतं. गोल टोप बाजूंनी डुगडुगतो आणि वरचं मंदील फिरतं. कढई वापरायचीच तर बाजूंनी दाबून लांबट करून घ्या.

गुळगुळीत लोखंडावर कापड थांबत नाही. कडेपासून ६ मिमी आत, २.५ सेंमी अंतरावर, ३ मिमीची २४ भोकं पाडली आहेत. त्यांतून जाड खादीचं आवरण शिवायचं आणि मंदील त्यावर बांधायचं. आतल्या अस्तराचेही टाके त्याच भोकांतून जातात.

अंगरखा आणि लपवण्याचं काम

कपड्याची धाटणी पाहायला ॲमस्टरडॅमच्या रायक्सम्यूझियममधल्या विटसेन संग्रहातली गोवळकोंडा शैलीची चित्रं उपयोगी आहेत. ती १६८६ पूर्वीची आहेत आणि त्यांत शिवाजी महाराजांचंही चित्र आहे. चित्रपटांवरून कापड बेतू नका.

पहिला अंगरखा साध्या मांजरपाटात शिवून पाहिला, छातीचा घेर ११८ सेंमी. खरं कापड त्यानंतरच कापायचं. चिलखताचा गळा अंगरख्याच्या गळ्यापेक्षा ३ सेंमी खाली हवा. मान वळली की मागच्या बाजूने कड्या डोकावतात, तिथे आणखी एक सेंटिमीटर उतरवा. खाली पुढे आणि मागे २० सेंमीचा चिरा दिला आहे, नाहीतर बसताना आणि गडाच्या पायऱ्या चढताना कड्या मांडीत रुततात.

चिलखतावर, अंगरख्याच्या आत, कमरेला ४ सेंमी रुंदीची नवार घट्ट बांधायची आणि तिच्या वर चिलखत ३ सेंमी सैल ओढून घ्यायचं. खांद्यावरचा बराच भार कमरेवर येतो. वरचा पटका शोभेसाठी राहू द्या; भार त्याच्यावर टाकला तर तासाभरात घसरतो.

दोन गोष्टी लपवलेलं चिलखत उघडं पाडतात: आवाज आणि डाग. चालताना येणारी सळसळ खालच्या घेरातून येते, म्हणून शेवटच्या चार ओळींना आतून मलमलीची पट्टी टाचली. गंजाचे आणि तेलाचे डाग पांढऱ्या अंगरख्यावरून जात नाहीत. कड्या वाळू आणि लाकडाच्या भुश्यात, प्लास्टिकच्या कॅनमध्ये, अर्धा तास लोळवून साफ करायच्या आणि मेण व जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. दोन दिवस उघड्यावर सुकू द्यायचं. वर मलमलीची बिनबाह्यांची बंडी, मग अंगरखा. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

६ जूनला रायगडावर संच घालून जाणाऱ्यांनी ऊन आणि पहिला पाऊस दोन्ही धरून चालावं. भिजलेलं चिलखत त्याच रात्री कापडाने पुसून पंख्याखाली टांगायचं. पिशवीत तसंच राहिलं तर सकाळी केशरी झालेलं असतं.

सध्याची स्थिती

धडाच्या १२४ ओळी पूर्ण. उजवी बाही जोडली, डावी ३३ पैकी १२ ओळींवर आहे. टोप ठोकून, घासून तयार. आवरण शिवायचं बाकी. कच्च्या अंगरख्यात उजव्या काखेखाली कापड ओढतंय, तिथे ४ सेंमीची कळी घालून पुन्हा मापून पाहायचं आहे. गळ्याच्या पुढच्या १२ सेंमी चिऱ्याला आकडे लावायचे की चामड्याची वादी, हे डावी बाही चढल्यावर ठरेल, कारण दोन्ही खांद्यांचा भार आल्याशिवाय तो चिरा किती उघडतो ते कळत नाही.