हातात घेतल्यावर प्रत्येक साप वेगळा

बर्मिंगहॅममध्ये मी ज्यांच्या घरी भाड्याने राहतो, त्या घरमालकांनी साप पाळलेले आहेत, आणि ही गोष्ट यावलला कळल्यापासून आईच्या फोनमध्ये माझ्या जेवणाआधी सापांची चौकशी होते. इकडे कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथनसारखे बिनविषारी साप पाळायला परवाना लागत नाही. जहाल विषारी सापांसाठी मात्र १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याप्रमाणे तो घ्यावा लागतो.

साप बुळबुळीत असतो हा समज पहिल्या स्पर्शातच जातो, कारण त्याची त्वचा कोरडी असते. मला नवल वाटले ते पुढचे, म्हणजे एका सापाचा आणि दुसऱ्याचा स्पर्श इतका वेगळा असू शकतो याचे. कॉर्न स्नेक हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, आपल्या तस्कर सापाच्याच कुळातला सडपातळ साप. तो हातावर ठरतच नाही. एका हाताच्या बोटांतून निघाला की दुसरा हात पुढे धरावा लागतो, आणि वजनापेक्षा पोटाखालच्या रुंद खवल्यांचे सरकणेच अधिक जाणवते. केनियन सँड बोआ आपल्या मांडुळाचा भाऊबंद, दोघेही एरिक्स या एकाच प्रजातीतले. वाळूत घुसून राहणारा हा आखूड, जाड साप हातावर चढत नाही, बोटांच्या फटीत तोंड खुपसून आत शिरू पाहतो. त्याचे अंग गुळगुळीत असते, पण शेपटीकडे बोट नेले की तिथल्या खवल्यांचे कंगोरे एकदम खरखरीत लागतात.

हे झाले जातीजातींतले फरक. खरी गंमत घरातल्या दोन बॉल पायथन माद्यांची आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या या अजगराच्या जातीत घाबरल्यावर अंगाचा गोळा करून डोके आत लपवण्याची रीत असते. या दोघी एकाच वेळी अंड्यांतून निघालेल्या बहिणी, खाणे आणि ऊबही सारखीच. तरी एक हातावर आली की सगळे वजन सोडून देते आणि हळूच जीभ बाहेर काढत बसते. दुसरी मनगटाला वेढा घालते आणि पुढे सरकण्याआधी तिचे अंग, भरलेली बादली विहिरीतून वर येताना दोर ताठतो, तसे आतून ताठते. तो ताण सैल होईपर्यंत हात हलवू नये, हे मला घरमालकांनी नव्हे, तिनेच शिकवले.

शिवाय तोच साप रोज सारखा लागत नाही. पेटीच्या उबदार कोपऱ्यातून काढला तर कोमट आणि चपळ, गार बाजूने काढला तर थंड आणि सुस्त. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, कातडी निस्तेज पडते, आणि साप चिडका होतो; त्या दिवसांत आणि खाल्ल्यानंतर दोनेक दिवस त्याला हात लावत नाहीत. कात टाकल्यावर मात्र स्पर्श नव्याकोऱ्या रेशमाचा.

गावाकडच्या मुलांनी हे वाचून केळीच्या बागेतली धामण धरू नये. ती पाळलेली नाही, चावते, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तिला पकडणे हा गुन्हा आहे. घरात साप निघालाच, तर सर्पमित्रांना बोलवावे.

इथे भुसावळ-जळगावकडचे पाहुणे आले आणि धीर करून हात पुढे केला, तर मी घरमालकांना विचारून त्यांच्या हातावर वजन सोडणारी मादी देतो. कॉर्न स्नेक निरुपद्रवी असला, तरी त्याच्या चपळाईने नवखा माणूस दचकून हात झटकतो, आणि पडून इजा होते ती सापाला.