अमरकंद: बारावी बाटली

मंडळी, अमरकंद या ऑर्किडचं बी बुरशीच्या सोबतीने बाटल्यांत उगवायचा खटाटोप चाललाय. बारापैकी अकरा बाटल्या गेल्या. पण बारावीत काल सकाळी 7 प्रोटोकॉर्म, म्हणजे बी उगवल्यावर आधी बनणारे बारीक गोळे, मोजले! सर्वांत मोठा तिळाएवढा, खाली पांढरी लव आणि वर कोंबाचं टोक. भिंग धरलेला हात थरथरत होता.

बुरशी मागे सांगितली तीच, आमच्या जागेतल्या किंजळीच्या झाडाखालच्या अमरकंदाची (यूलोफिया स्पेक्टाबिलिस). कंदाला धक्का न लावता मुळाचे दोन तुकडे घेतले होते. तंतूंना काटकोनात फांद्या, फांदी फुटते तिथे आवळलेली. म्हणजे ऑर्किडच्या मुळांत राहणाऱ्या रायझोक्टोनिया गटातलीच. तरी दर खेपेला तेच. बी फुगायचं, साल तडकायची, आणि तिसऱ्या आठवड्यात बुरशी त्यालाच गिळायची. उरायचा तपकिरी लगदा. पहिल्या खेपेनंतर ब्लीचवर संशय घेऊन बी त्यात धुण्याची वेळ निम्मी केली. दुसरीनंतर बुरशीच चुकीची धरली आणि दुसऱ्या तुकड्यातून पुन्हा काढली. तीन महिने यात गेले.

तिसऱ्या खेपेच्या चार बाटल्या एकाच दिवशी भरल्या. माध्यमात बुरशीला खायला ओट्स घालतो, ते शेवटचीला पुरले नाहीत. लिटरला 10 ग्रॅमऐवजी जेमतेम 2.5 च्या हिशेबाने पडले. तीच जगली. खायला फार मिळालं की बुरशी माजते आणि बीच खाते. अमरकंदाच्या बीजवळ स्वतःची शिदोरी नसते. पेशींत शिरलेल्या तंतूंची वेटोळी पचवूनच ते वाढतं. बुरशी आवाक्यात राहिली तरच ते जमतं.

साखरेच्या माध्यमावर बुरशीविना उगवा, असं तुमच्यातल्या काहींनी सुचवलं. नडसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1922 मध्ये ते करून दाखवलंच आहे. पण मला हे झाड पुन्हा पातेऱ्यात उभं करायचंय, जोडीदारासकट. कंदांसाठी इतकी खणाखणी चालते की आमच्या वरच्या रानात आता शोधावं लागतं.

माध्यम घट्ट करणाऱ्या अगारबद्दल: किराणा दुकानातला चायना ग्रास घट्ट बसतो, पण गढूळ. आत काय चाललंय ते दिसत नाही. पावडरच घ्या, महाग पडली तरी.

रविवारी सातही प्रोटोकॉर्म नव्या बाटल्यांत हलवणार होतो. लिहिता लिहिता बेत बदलला: चारच हलवतो, तीन तिथेच राहू देत. एका बाटलीवरून निकाल लावायचा नाही, म्हणून पुढची खेप 2.5, 4 आणि 10 ग्रॅमची, प्रत्येकी तीन बाटल्या.

आणि हो, उरलेलं सगळं बी बाटल्यांत कशाला? स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडच्या बारीक जाळीच्या पुड्या करून पावसाआधी मूळ झाडापासून अर्धा, एक आणि दोन मीटरवर पुरतो. बुरशी जमिनीत सगळीकडे सारखी नसते. कुठे आहे ते बीच सांगेल. मागच्या पुड्यांचा सुती दोरा वाळवीने खाल्ला आणि दोन पुड्या सापडल्याच नाहीत. या वेळी नायलॉनचा निळा दोरा आणलाय.