दिव्याखालची मिरचीची रोपं पिवळी पडतात तेव्हा : माझा अनुभव

संकेश्वरी मिरचीचं बी मी घरातच टाकतो. बेळगावचा पाऊस एकदा लागला की आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. गच्चीवर ठेवलेला ट्रे भिजून रोपं कोलमडतात, आणि त्यातून वाचली तर पांढरी माशी बसते. त्यामुळे खोलीत एलईडीखाली, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), सहा-सात पानांपर्यंत रोप वाढवून मग कुंडीत किंवा वाफ्यात लावणं मला जास्त खात्रीचं वाटतं. या पद्धतीत एक दुखणं मात्र ठरलेलं आहे. तिसरं-चौथं पान आलं की रोप पिवळं दिसायला लागतं आणि माणूस घाबरून १९:१९:१९ या नत्र-स्फुरद-पालाश खताची पुडी फोडतो.

पहिल्या दिवशी काहीही घालू नये, असं माझं ठाम मत आहे. घरातल्या लहान रोपांचा पिवळेपणा बहुतेक वेळा पाणी, मुळं आणि पीएच (आम्ल-विम्लपणा) यांतून येतो. खताची कमतरता त्यानंतर. आधीच आजारी असलेल्या मुळांवर खत ओतलं की क्षार वाढतात, आणि मग खरं कारण शोधणं अवघड होऊन बसतं.

रोप दिव्याखालून काढून खिडकीपाशी न्यायचं. जांभळ्या एलईडीखाली पिवळा आणि फिका हिरवा यांतला फरक डोळ्याला कळतच नाही. खिडकीपाशी फक्त एवढं बघायचं, की पिवळेपणा खालच्या पानापासून चढतोय की शेंड्यापासून उतरतोय. नत्र, मॅग्नेशियम, पालाश ही द्रव्यं झाडाच्या आत हलतात. कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोह, कॅल्शियम हलत नाहीत, त्यांची टंचाई नव्या पानावर दिसते.

खालचं पान शिरांसकट सारखं फिकं पिवळं झालं असेल तर नत्र. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. अगदी कोवळं पान पिवळं आणि त्यावर हिरव्या शिरांचं बारीक जाळं दिसत असेल तर लोह. बियातून पहिल्यांदा बाहेर आलेली गुळगुळीत पानं महिना-दीड महिन्याने पिवळी होऊन गळतात, ते नैसर्गिक आहे, तिकडे लक्ष देऊ नये. दिव्याच्या अगदी जवळची पानंच पांढरट पडली असतील आणि खालची हिरवीगार असतील, तर दिवा सहा इंच वर घ्यायचा. साधारण फूट ते दीड फूट अंतर आणि १४ ते १६ तास उजेड मिरचीला पुरतो. प्लगमध्ये लावायच्या तबकडीच्या टायमरवर दिवा चालत असेल तर वीज गेली की टायमरही थांबतो आणि तास सरकतात, तेही अधूनमधून तपासावं.

मग पान उलटं करून भिंगाने बघायचं. बारीक पिवळे ठिपके आणि जाळी असेल तर लाल कोळी. पान वर वळलं असेल तर बहुधा फुलकिडे, खाली वळलं असेल तर पांढरी कोळी. शेंडा आखडून पानं बारीक, चुरगळलेली आणि पिवळट होत असतील तर तो चुरडा-मुरडा. विषाणूने आलेल्या चुरडा-मुरड्याला औषध नाही. तसं रोप ट्रेमधून लगेच काढून टाकावं, बाकीची तरी वाचतात.

कीड नसेल तर रोप ज्यात वाढतंय तो पेला हातात घ्यायचा. पाणी दिल्यावर पेला किती जड लागतो हे हाताला माहीत असलं पाहिजे. दोन दिवसांनीही तितकाच जड लागत असेल तर पाणी जास्त होतंय. रोप बुडाशी दोन बोटांत धरून पेला उलटा करायचा आणि हलकेच दाबून गड्डा बाहेर काढायचा. चांगली मुळं पांढरी, टणक असतात आणि त्यांवर बारीक लव दिसते. तपकिरी पडलेलं, चिमटीत धरल्यावर वरची साल सुटून आत दोरा उरतो असं मूळ म्हणजे कुजलेलं. वास आंबूस येतो, वर काळी चिलटं फिरतात. अशा रोपाला खत, फवारणी काहीही लागू पडत नाही. तळाला भोकं वाढवायची, वरचा इंचभर थर सुकू द्यायचा, पंख्याची हलकी हवा द्यायची आणि पेला उचलून हलका लागल्यावरच पाणी द्यायचं. चिलटांसाठी पिवळा चिकट सापळा पुरतो.

मुळं चांगली असतील तर पीएच आणि ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, mS/cm मध्ये) तपासायचा. पीएचचा पेन आधी ४.०० आणि ६.८६ च्या पुड्यांच्या द्रावणात जुळवून घ्यायचा. प्रत्येक पुडी २५० मिलि डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची, नळाच्या पाण्यात नाही. पेनचं टोक कोरडं पडू दिलं असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नये.

पेल्याला नेहमीसारखं पाणी द्यायचं आणि तासभर थांबायचं. मग वरून सावकाश ५०-६० मिलि डिस्टिल्ड पाणी ओतून खाली बशीत आलेलं पाणी मोजायचं. पीएच ५.८ ते ६.३ आणि ईसी १ ते २ असेल तर मुळांभोवती सगळं ठीक आहे. ईसी १ च्या बरंच खाली असेल तर रोप उपाशी, अडीचच्या वर असेल तर क्षार साचलेत. पीएच सातच्या वर गेला की लोह तिथे असूनही मुळांना घेता येत नाही. शेंडा पिवळा पडण्याचं आमच्या भागातलं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

पीएच वाढण्याचं कारण पाण्यात असतं. चिकोडी, हुक्केरी, अथणीकडे काळ्या जमिनीतल्या बोअरचं पाणी जड असतं, त्यातले बायकार्बोनेट रोज थोडाथोडा पीएच वर ढकलतात. बेळगाव शहरात राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी येतं, ते त्या मानाने हलकं. पण त्याला खंड पडला की त्याच झारीत बोअरचं पाणी येतं आणि पंधरवड्यात शेंडे पिवळे दिसायला लागतात. बोअरच्या दहा लिटर पाण्यात एक ग्रॅम लिंबूसत्त्व घालायचं, ढवळून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मोजायचं. सहाच्या आसपास येईपर्यंत असंच थोडं थोडं वाढवायचं. लिंबूसत्त्व कोकोपीटमधले जिवाणू खाऊन टाकतात, म्हणून प्रत्येक पाण्याला ते घालावं लागतं. सगळ्यात उत्तम पन्हाळीचं पावसाचं पाणी. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं, ते मात्र वरून द्यावं लागतं.

शेंड्याला तात्पुरता आधार म्हणून ईडीटीए लोह (पाण्यात विरघळलेलं राहील असं बांधलेलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम फवारतो, दिवा बंद झाल्यावर. मातीतून द्यायचं असेल आणि पीएच अजून साडेसहाच्या वर असेल तर ईडीटीए टिकत नाही, जास्त पीएचलाही टिकणारं ईडीडीएचए लोहच घ्यावं. किंमत जास्त आहे, पण काम करतं.

खालची पानं शिरा सोडून पिवळी पडत असतील तर बहुतेक दोष कोकोपीटचा. कोकोपीट स्वतःचं सोडियम-पालाश सोडतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं. कोकोपीटची वीट भिजवून, पिळून निघालेल्या पाण्याचा ईसी अर्ध्याच्या आसपास येईपर्यंत धुवायची. मग लिटरला तीन-चार ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर ठेवून पुन्हा एकदा धुवायची. रोपं आधीच लावली असतील तर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला दोन ग्रॅम फवारावं, आठवड्याने पुन्हा एकदा.

खरंच उपाशी निघालेल्या रोपाला मी एका पाण्यात कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम देतो. पुढच्या पाण्यात १९:१९:१९ अर्धा ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट पाव ग्रॅम. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र केली की पांढरा गाळ बसतो आणि कॅल्शियम वाया जातं. १९:१९:१९ मधला निम्म्याहून जास्त नत्र युरियाचा असतो, आणि युरिया ईसी मीटरला दिसत नाही. मीटरवर आकडा कमी आला म्हणून चिमूट वाढवत गेलं की पानांच्या कडा जळतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निदान आठवडा थांबावं. पूर्ण पिवळं झालेलं जुनं पान परत हिरवं होत नाही, ते बघून उपाय बदलू नये. शेंड्यातल्या सर्वांत लहान पानाच्या देठावर दोरा बांधून ठेवावा आणि त्याच्या वर येणारी पानंच तपासावीत. ती सगळी हिरवी आली की फवारणी थांबवायची आणि झारीतल्या पाण्याचा पीएच आठवड्यातून एकदा मोजत राहायचा.